चायनीजवाल्यांकडची सवाष्ण

त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, आणि रजा टाकली की मी कामं लिहून काढते. गॅसचा नंबर लावणे. धाकटीच्या बुटाचा तळ. शिंप्याकडून ब्लाउज. दुपारी चायनीजवाल्यांकडे सवाष्ण. चारही कामं मी एकाच पेनानं एकाखाली एक लिहिली आणि सकाळी नऊला बाहेर पडले.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवऱ्याची बँकेतली बदली बुलढाण्याला झाली, मागोमाग मीही प्रयत्न करून तिथल्या कचेरीत बदली घेतली. घर मिळालं ते चिखली रोडला, गाव संपतं तिथल्या नव्या लेआउटमध्ये. आपण जिला वसाहत म्हणतो तिला तिकडे लेआउट म्हणतात. अर्धे प्लॉट रिकामे, त्यात गवत, मधूनच एखादं सिमेंटचं घर, आणि घरांवर नुकते दिसायला लागलेले टीव्हीचे अँटेना. त्यातल्याच एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांत चायनीज हॉटेल होतं.

बुलढाण्यात त्या काळात चायनीज हॉटेल कसं, असं पुष्कळ लोक विचारतात. साधं आहे. त्या घरचा मुलगा मुंबईत एका चिनी हॉटेलच्या भटारखान्यात सहा-सात वर्षं राबला होता. लग्न झाल्यावर बायकोला मुंबईत ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो गावी परतला आणि जे येत होतं ते सुरू केलं. बापानं पुढच्या खोल्या दिल्या. लाल कागदी दिवे टांगले. भिंतीवर ड्रॅगन काढायचं काम गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला दिलं. त्यानं ड्रॅगन कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यानं एक मोठी घोरपड काढली आणि तिला मिशा लावल्या. पण पदार्थ चांगले असत. पगार झाला की आम्ही चौघं तिथं जेवायला जात असू. मुलाची आई नूडल्सना शेवया म्हणे आणि मंचुरियनला भजे. "आज भजे घ्या, शेवया सकाळच्याच हायेत," असं ती गिऱ्हाइकाला उघड सांगे आणि आतून मुलगा कपाळावर हात मारी.

गल्ल्यावर सून बसायची. बारीक चणीची, बोलायला चटपटीत, केसात पेन्सिल खोचलेली. दुपारी गिऱ्हाईक संपलं की खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ती एकटी जेवायला बसे, आणि तिला वाढायला नवरा स्वतः बाहेर येई. नवऱ्यानं बायकोला वाढायचं हे लेआउटमधल्या बायकांना फार दिवस बोलायला पुरलं.

एका पावसाळ्यात ती तापानं आठवड्याभरात गेली. मूल नव्हतं. हॉटेल महिनाभर बंद राहिलं, मग उघडलं. गल्ल्यावर सासरा बसू लागला.

वर्षश्राद्ध झाल्यावर मुलाचं दुसरं लग्न करायचं ठरलं. त्याचं वय तिशीच्या आतबाहेर, आईबाप थकलेले; कुणीही तेच ठरवलं असतं. पण पहिल्या ठिकाणी सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी मुलीच्या आजोबांनी डोळे मिटले आणि ते लोक मागे सरले. दुसऱ्या ठिकाणचे लोक मलकापूरकडून घर बघायला निघाले, त्यांची जीप राजूर घाटात बंद पडली, आणि ते घाटातूनच परत फिरले. दोन्ही गोष्टी अशा की कुठंही घडाव्यात. गावानं मात्र आपला हिशेब केला: पहिली सोडत नाही.

आता तिसरं स्थळ मोताळ्याचं होतं. पितृपक्ष संपला की बोलणी पक्की होणार होती.

तेवढ्यात एका संध्याकाळी चायनीजवाल्या मावशी आमच्या दारात आल्या. मुलाच्या आईला मी मावशीच म्हणायची. चप्पल बाहेर काढून त्या पायरीवरच टेकल्या.

"बाई, नवमीले जेवाले या आमच्याकडं. सवाष्ण म्हनून."

पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, ही रीत आमच्याकडेही आहे. ती पोटभर जेवली की गेलेली तृप्त होते, असा समज. पण सवाष्ण नात्यागोत्यातली बघतात. मी तसं म्हटलं.

"तिघीले इचारलं," मावशी म्हणाल्या. "एकीच्या गुडघ्यात वारं शिरलं. एकीची म्हैस व्याली. तिसरी तं मले पाह्यलं आन् घरात घुसली. तिच्या नावानं पाटावर बसाले कोनी तयार नाई."

"मग मी कशी चालते?"

"तुमी देशावरच्या. तुमाले काई लागत नाई."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. "एकदा तिले मनभरून जेवू घालतो, बाई. तिचं मन भरलं का थे जाईन. मंग मोताळ्याचं जुळते. हेबी तुटलं तं माह्या पोराले कोनी पोरगी देत नाई. आम्ही दोघं मेल्यावर थो त्या शेवया कोनासाठी करन?"

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर नाही म्हणणं कठीण होतं. शिवाय एका जेवणानं कुणाचं लग्न जुळत असेल तर माझं काय जातं, असा माझा सरळ विचार. नवरा म्हणाला, "बाकीच्यांना पैसे मोजून खावं लागतं, तुला वर ओटी मिळणार."

नवमीच्या दुपारी मी पोचले तेव्हा ढग खाली उतरले होते. बुलढाणा उंचावर आहे. भाद्रपदात ढग रस्त्यावरूनच चालतात. गवताचे प्लॉट दिसत नव्हते, हॉटेलचा लाल उजेड तेवढा दिसत होता, कारण मावशींनी भरदुपारी कागदी दिवे लावून ठेवले होते. हॉटेल त्या दिवशी बंद. सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, फक्त खिडकीजवळच्या कोपऱ्यातली एक सरळ. त्या खुर्चीवर पाट ठेवला होता.

सवाष्ण पाटावर बसायला हवी, आणि गेलेली नेहमी खुर्चीवर बसायची. मावशींनी दोन्ही साधलं होतं. मी चढून बसले. माझे पाय जमिनीला टेकेनात. आपल्याला कुणीतरी उचलून ठेवलंय असं वाटत राहिलं.

समोर केळीचं पान. कडेनं भात, कढी, वडे, खीर, भाजी, सगळं रीतीप्रमाणे. आणि मधोमध, जिथं एरवी वरणभाताची मूद पडते तिथं, कांदा-लसूण न घातलेले नूडल्स, वाफ येणारे.

"थ्या वड्याले तिनं कधी हात लावला नाई," मावशी म्हणाल्या. "पोरगा म्हने, तिच्या नावाचं असन तं तिचंच वाढा. सकाळपासून एकटाच करून राह्यला. कोनाले आत येऊ देत नाई."

आत त्याचा आवाज होता. कढईवर झाऱ्या आपटल्याचा, पाणी ओतल्याचा. तो बाहेर आला नाही. सासरा गल्ल्यावर बसला होता, पांढरी टोपी घालून, समोर काही नसताना. मावशी माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. पानाजवळ समई, आणि समईजवळ एका वाटीत चांदीचा छोटा पत्रा. मी ओळखला. टाक. पहिली बायको गेलेली असली की तिचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात, म्हणजे पहिली तिला छळत नाही. पत्र्यावर सोनारानं बाईची आकृती ठोकली होती, डोळ्यांच्या जागी दोन बारीक खड्डे.

मी जेवायला सुरुवात केली. दोन माणसं आपल्याकडे एकटक बघत असताना जेवणं सोपं नाही, पण मी ते काम म्हणून अंगावर घेतलं होतं. भात, कढी, मग नूडल्स. चव नेहमीपेक्षा चांगली होती. मला ढोबळी मिरची आवडत नाही. तिचे तुकडे मी बोटानं पानाच्या कडेला सारत होते.

"अजून नाई खात वं ढोबळी?" मावशी म्हणाल्या.

मी वर पाहिलं. त्या अगदी सहज बोलल्या होत्या. मला त्या नेहमी 'तुमी' म्हणत, आणि 'बाई'. 'वं' तर तिकडे बायका घरातलीला म्हणतात, मैत्रिणीला, मुलीला. मी मनाशी म्हटलं, म्हातारी आहे, नवमी आहे, गोंधळ होतो.

"वाढ तिले," सासरा गल्ल्यावरून म्हणाला. "लाजू नको म्हना, माय." ह्या माणसानं इतक्या वर्षांत माझ्याशी 'या साहेब, बसा साहेब' यापलीकडे शब्द काढला नव्हता, आणि तेही माझ्या नवऱ्याकडे बघून.

मावशींनी पुन्हा वाढलं. "घे. तुले दोनदा लागते." खरोखर मला अजून भूक होती. सकाळी मी नीट खाऊन निघाले होते, दुपारी सहसा दोन पोळ्यांवर माझं जेवण संपतं, आणि इथं मी दुसऱ्यांदा वाढलेलं संपवत आणलं होतं. लवकर लवकर. कुणीतरी गिऱ्हाईक यायच्या आत उरकायचं असल्यासारखं.

"पाह्य," मावशींनी वाटी माझ्यापुढे सरकवली. "मोताळ्यावालीच्या गळ्यात घालाचा हाये. तुह्यावानी दिसते का?"

पत्र्यावरची आकृती कुणासारखीच नव्हती. "छान आहे," मी म्हटलं. तिथं दुसरं काय म्हणणार होते? बाहेरचा ढग खिडकीला चिकटला होता. आतला झाऱ्याचा आवाज मी बोलले की थांबायचा, आणि मी गप्प झाले की पुन्हा सुरू व्हायचा. हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम बोलायचं टाळलं.

जेवण झालं. मावशींनी तिथंच पाण्याचं भांडं आणलं, माझ्या हातावर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ. सगळं व्यवस्थित पार पडलं, आता शिंप्याकडे दीडपर्यंत पोचता येईल, असा मी हिशेब केला. पाटावरून खाली उतरले, पदर सारखा केला, आणि दाराकडे वळताना जन्मभर म्हणत आले ते म्हटलं.

"येते."

मावशी मटकन खाली बसल्या. सासरा उभा राहिला. आतला आवाज थांबला.

आधी मला कळेना काय झालं. मराठी माणूस निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, जाणं अशुभ. मग ध्यानात आलं. वऱ्हाडात बाई स्वतःबद्दल बोलताना 'येतो' म्हणते. मी जातो, मी करतो, मी येतो. मावशी स्वतः तसंच बोलायच्या, माझ्या कचेरीतल्या बायकाही. 'येते' तिकडे म्हणतात ते दुसऱ्याबद्दल. पाऊस येते. पाहुना येते. थे येते. मला म्हणायचं होतं, 'मी येते, निघते आता.' त्यांच्या कानांना, पाटावरून उतरलेल्या सवाष्णीनं गेलेलीबद्दल निरोप दिला होता: ती येते.

पडदा सरकला आणि मुलगा बाहेर आला. हात ओले, कपाळावर तेलाचे थेंब. वर्षभरात मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, खंगला होता. तो माझ्याकडे बघत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"कवा?" त्यानं विचारलं. "कवा येते?"

असा हावरा आनंद मी माणसाच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही. म्हणजे आईला ती जायला हवी होती, आणि यानं पहाटे उठून रांधलं होतं ते ती यावी म्हणून.

"अहो, मी माझ्याबद्दल बोलले," मी म्हटलं. "आमच्याकडे तसंच म्हणतात. मी माझ्या घरी चाललेय."

"तुमी नाई, ताई," तो समजुतीनं म्हणाला. "तुमचं नाई इचारत मी."

मावशींनी माझ्या पायाशी येऊन साडीची निरी धरली. "जाते म्हना, बाई. एकदा तोंडानं म्हना. मी म्हनलं तं चालत नाई. पाटावर बसली थिनंच बोलावं लागते."

"माय, गप ऱ्हाय," मुलगा म्हणाला.

"मोताळ्याचे लोक परवा येऊन राह्यले, बापू. थ्या पोरीचं काय चुकलं? तुहं काय चुकलं?" मग माझ्याकडे: "म्हना."

मी व्यवहारी बाई आहे. मी तिथं उभ्या उभ्या दोन बाजू मांडल्या. एकीकडे मोताळ्याची मुलगी, जी मी पाहिलीही नव्हती, म्हातारी, तिशीतला एक पुरुष, जो असाच राहिला तर भिंतीवरच्या घोरपडीशी बोलत बसेल. दुसरीकडे एक शब्द. लहानपणी उंबऱ्यावर 'जाते' म्हटलं म्हणून आईनं माझ्या तोंडावर चापट मारली होती. सवाष्णीनं तर तो उच्चारूच नये. पण त्यांच्या बोलीत 'जाते' माझ्याबद्दल नव्हतंच. ती जाते. माझ्या घराला, माझ्या नवऱ्याला त्याचा काही संबंध नव्हता. कुणालाच धक्का न लावता काम होण्यासारखं होतं.

मुलाचा चेहरा तेवढा बघवत नव्हता, म्हणून मी मावशींकडे बघितलं. शब्द मनात नीट जुळवला. तोंड उघडलं.

"जातो, आत्याबाई," मी म्हटलं.

आवाज माझाच होता. पण 'जातो' हा शब्द मी स्वतःबद्दल आयुष्यात वापरलेला नाही. त्या गावात नऊ वर्षं काढली, कचेरीतल्या बायका मला पुणेरी म्हणून चिडवायच्या, तरी माझी जीभ तिकडे वळली नव्हती. आणि आत्याबाई सुना सासूला म्हणतात. त्या घरात तसं म्हणणारी एकच होती.

याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तासभर ते बोलणं कानावर पडत होतं, मला 'तू' आणि 'वं' म्हणत होते, भरपूर जेवण झालं होतं, जीभ घसरली. असं होतं. माझ्या मुली तर शाळेत वऱ्हाडी आणि घरात सातारी बोलत, कधी कधी उलटसुलट करत. हे सगळं मी स्वतःला सांगू शकते. पण बोलले तेव्हा मला कसं वाटलं ते यात बसत नाही. मला हलकं वाटलं. पोट भरल्यावर, पाणी पिऊन, सगळी कामं उरकल्यावर वाटावं तसं. आणि मी ज्याला टाळत होते त्या माणसाकडे त्या क्षणी मी सरळ बघू शकले.

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "बरं," तो म्हणाला. "बरं. जाय."

मग त्यानं टेबलाशी येऊन माझं उष्टं पान उचललं. पुरुष उष्टं काढत नाहीत. मावशी उठू लागल्या तर त्यानं हातानंच नको म्हटलं. ढोबळीचे तुकडे सांडू नयेत म्हणून पान दोन्ही हातांनी दुमडून धरलं आणि तो आत गेला. त्यानंतर आतून काहीच आवाज आला नाही.

मी बाहेर पडले. कुणी 'या' म्हटलं नाही, मीही काही म्हटलं नाही. शिंप्याकडे जायचं राहून गेलं.

मोताळ्याचं जुळलं. लोक आले, बसले, जेवले, जीप कुठं बंद पडली नाही. दिवाळीनंतर लग्न लागलं. आम्हाला पत्रिका आली नाही. गडबडीत राहिली असेल म्हणून मी मनावर घेतलं नाही. लग्नासाठी बंद असलेलं हॉटेल पुन्हा चालू झालं आणि पगाराच्या आठवड्यात आम्ही नेहमीसारखे गेलो. नवरा स्कूटर लावत होता, मुली त्याच्याजवळ थांबल्या, मी पुढे झाले.

मावशी दारातच होत्या. मला बघून त्या हसल्या, मनापासून, पण बाजूला झाल्या नाहीत. चौकटीला दोन्हीकडे हात लावून उभ्या राहिल्या.

"पार्सल नेता का, बाई? गरम देतो बांधून."

"आत बसतो की आम्ही, मावशी."

"पार्सल न्या," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोरांचं चांगलं चाललं हाये. तुमी गेल्या ना आता."

त्यांच्या हाताखालून मला आतलं दिसलं. गल्ल्यावर एक ठेंगणी, गोरी मुलगी बसली होती. मंगळसूत्राखाली टाक चमकला. ती डोळे बारीक करून दाराकडे बघत होती, उजेडातून अंधारात बघावं तशी.

"कोन आलं, आत्याबाई?" तिनं विचारलं.

माझ्या डोळ्यांत बघत मावशी म्हणाल्या, "कोनी नाई वं."

मी स्कूटरपाशी परत आले. नवऱ्यानं काय झालं विचारलं. आत गर्दी आहे, घरी नेऊ, असं मी सांगितलं. त्यानं दाराकडे पाहिलं. आतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. थोड्या वेळानं मावशी स्वतः पुडा घेऊन रस्त्यापर्यंत आल्या आणि तो त्यांनी माझ्या हातात न देता धाकटीच्या हातात दिला. आमची बदली होईपर्यंत मग तसंच चाललं. मुली पुडा आणायच्या, मी फाटकाशी थांबायची. त्यात ढोबळी मिरची कधी नसायची.